दहा बाय बाराच्या खोलीतला पंक

२०२४ आणि २०२५ मधले पंकचे, म्हणजे जलद, ओरडून गायच्या साध्या रॉकचे, नवे अल्बम लागोपाठ लावले की एक गोष्ट लगेच कानात भरते. माणसं कमी, आवाज मोठा. ब्रायटनच्या लॅम्ब्रिनी गर्ल्सचा पहिला अल्बम ‘हू लेट द डॉग्ज आउट’ १० जानेवारी २०२५ ला आला. बँड मुळात दोघींचा: एक गिटार वाजवत गाते, दुसरीकडे बास गिटार. सॉफ्ट प्लेमध्येही दोघंच. ड्रमर उभ्यानं वाजवतो आणि गातोही तोच, दुसऱ्याकडे गिटार. त्यांचा ‘हेवी जेली’ जुलै २०२४ चा. मेलबर्नच्या ॲमिल अँड द स्निफर्सचा ‘कार्टून डार्कनेस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला आणि आज हा बँड मोठ्या महोत्सवांत वाजतो. पण त्यांची २०१६ ची पहिली ईपी (चार-पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड) लिहून, रेकॉर्ड करून बाहेर काढायला त्यांना १२ तास लागले होते.

ही रीत जुनीच आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी ओळखीपाळखीत ५०० पौंड उसने घेतले, २८ डिसेंबर १९७६ ला चार गाणी रेकॉर्ड केली, जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्या लेबलवर १,००० प्रती छापल्या आणि पुढे १६,००० विकल्या. कंपनीची वाट पाहिली नाही, हे महत्त्वाचं.

यवतमाळ, वर्धा, अमरावती, चंद्रपूरकडच्या ज्या पोरांकडे एक गिटार, एक ऑक्टापॅड आणि टिनाची एक खोली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नव्या रेकॉर्ड मन लावून ऐका, पण ऐकताना त्या बांधल्या कशा आहेत ते बघा. तेवढं कळलं की पहिली ईपी गावात होते.

टर्नस्टाइलचा ‘नेव्हर इनफ’ (जून २०२५) आणि फाँटेन्स डी.सी.चा ‘रोमान्स’ (ऑगस्ट २०२४) ऐकायला अप्रतिम आहेत. पहिल्या रेकॉर्डिंगसाठी मात्र ते नमुने म्हणून डोळ्यासमोर ठेवू नका. त्यात आवाजांचे इतके थर आहेत की घरी तसं करायला गेलं की सगळा चिखल होतो. नमुना ॲमिलचा किंवा लॅम्ब्रिनी गर्ल्सचा घ्या. इअरफोनची एकच बाजू कानात घालून एक गाणं ऐका, मग दुसरी बाजू. बऱ्याच पंक रेकॉर्डवर डावीकडे एक गिटार आणि उजवीकडे तीच चाल दुसऱ्यांदा वाजवलेली असते. मग घड्याळ लावून १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि चारनं गुणा. ४५ आले तर गती १८०. वहीत गाण्यासमोर गती, कडव्यांची संख्या आणि एकूण वेळ लिहा. दहा गाण्यांची अशी वही झाली की आपलं गाणं लांब का वाटतं हे कोणाला विचारावं लागत नाही.

आता भाषेचं. बेलफास्टचे नीकॅप आयरिश भाषेत रॅप करतात, त्यांचा ‘फाइन आर्ट’ जून २०२४ मध्ये आला आणि आयरिश न समजणाऱ्या देशांत वाजला. दिल्लीच्या ब्लडीवूडनं ‘नू दिल्ली’ (मार्च २०२५) मध्ये जड गिटारवर ढोल ठेवला आहे. चेन्नईच्या द कास्टलेस कलेक्टिव्हनं २०१८ पासून तिथल्या वस्तीतलं गाना संगीत, रॉक आणि जातीविरुद्धचा शब्द एकत्र आणला. आपल्याकडचा कच्चा माल याहून कमी नाही. पोळ्याच्या तोरणाखाली म्हटली जाणारी झडती घ्या. एकानं ओळी फेकायच्या, सावकारापासून सरकारपर्यंत कोणालाही धरायचं आणि शेवटी सगळ्यांनी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला, हर हर महादेव’ म्हणत तुटून पडायचं. एकाची ओळ आणि जमावाचा जबाब, हाच पंकच्या गाण्याचाही सांगाडा. तुकडोजी महाराजांच्या भजनातली खंजिरी ऐका. तिचा चढता ठेका आणि थेट बोलणं ज्याच्या हातात आहे त्याला १८० ची गती परकी वाटत नाही. गावातला खंजिरीवाला हा बँडचा पहिला उमेदवार आहे, त्याला आधी विचारा.

शब्द बसवण्याचा हिशेब असा. १८० च्या गतीत एक ठोका ०.३३ सेकंदाचा, म्हणजे दोन बार, आठ ठोके, साधारण २.७ सेकंदांचे. एवढ्यात ८ ते १० उच्चार आरामात बसतात. १४ च्या वर गेलं की जीभ अडखळते आणि शब्द कळत नाहीत. उदाहरणार्थ, ‘डीपी जळली, पऱ्हाटी वाळली’ ही ओळ बोलताना नऊ उच्चारांची आहे: डी-पी-जळ-ली, पऱ्-हा-टी-वाळ-ली. ती दोन बारमध्ये चपखल बसते आणि पुढच्या दोन बारमध्ये सगळ्यांनी ‘लाइन कवा येईन?’ म्हणायचं. पुस्तकी मराठीत हीच ओळ ‘रोहित्र जळाले’ अशी केली तर ओरडता येत नाही, करून बघा. ६४ बारचं गाणं या गतीत ८५ सेकंदांत संपतं. तेवढं पुरे.

हात बसवणं

गिटारवर सुरुवातीला पॉवर कॉर्डच वाजवा: सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला पहिलं बोट, पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटला तिसरं बोट, बाकीच्या तारा हातानंच दाबून बंद. हा आकार सरकवत नेला की सगळे कॉर्ड मिळतात. उजवा हात फक्त खाली मारायचा. वर-खाली मारलं तर सोपं जातं पण गाण्याची धार जाते. सुरुवात १२० नं करा, आठवड्याला ५ ते १० वाढवा. मनगटाऐवजी कोपरातून जोर लागायला लागला तर गती कमी करा, नाहीतर दुखणं घेऊन बसाल.

आपल्या भागात ड्रम किट सापडणं कठीण, पण झाडीपट्टीच्या नाटकांमुळे आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रांमुळे ऑक्टापॅड आणि तो सफाईनं वाजवणारा माणूस सापडतो. किकसाठी (पायानं वाजणारा मोठा ड्रम) पायाचं पेडल जोडाच, हातानं किक मारत बसलं तर दुसरा हात स्नेअरला पुरत नाही. ऑक्टापॅडची खरी अडचण झांजेची आहे. प्रत्येक ठोक्याला आत भरलेला तोच एक आवाज वाजतो, त्यामुळे जलद हाय-हॅट यंत्रासारखी ऐकू येते. किक आणि स्नेअर पॅडवर ठेवा, हाय-हॅट आणि एक क्रॅश खरी आणा, स्टँडसकट. हा मिलाफ छान बसतो.

उन्हाळ्यात गिटारची काळजी वेगळी घ्यावी लागते. ४५ अंशांच्या कोरड्या हवेत मानेचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाजूला टोचायला लागतात. मग खोलीत कूलर लागला की तेच लाकूड ओलावा पितं. गिटार कूलरच्या झोताच्या तोंडी ठेवू नका आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर टांगू नका. उष्णतेनं तार सैल पडून सूर उतरतो, म्हणून प्रत्येक गाण्याआधी ट्यूनर लावा.

लाइन आणि अर्थिंग

घरगुती रेकॉर्डिंग बिघडतं ते बहुतेक वेळा इथं, आणि माणसाच्या जिवाला धोकाही इथंच आहे.

गिटारच्या तारा ब्रिजमधून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. ॲम्प एका खोलीतल्या बोर्डात आणि मिक्सर शेजाऱ्याच्या बोर्डात लावला तर दोन्ही अर्थिंगमध्ये व्होल्टचा फरक असू शकतो. गाणाऱ्याचा हात तारेवर आणि ओठ जाळीवर गेला की तो फरक त्याच्या अंगातून वाहतो. म्हणून सगळी उपकरणं एकाच तीन पिनच्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. घरघर जाते म्हणून अर्थिंगची पिन कापणारे खूप आहेत. घरघर जाते हे खरं, पण ॲम्पमध्ये फॉल्ट आला तर सगळा करंट वाजवणाऱ्यातून जातो. पिन कधीही कापू नका. बोर्डाच्या आधी ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या.

वायरमनला बोलावून मल्टिमीटरनं तीन मोजमापं घ्या. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थिंग जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत. शेवटचा आकडा पाचच्या वर गेला किंवा फेज ते अर्थिंग फारच कमी आलं तर अर्थिंग नावापुरतंच आहे. आपल्या काळ्या मातीत याचं एक खास कारण असतं. उन्हाळ्यात ही माती आकसून भेगा पडतात, अर्थिंगच्या पाइपाभोवती पोकळी होते आणि मातीशी संबंधच तुटतो. पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग मे महिन्यात मेलेलं असतं ते यामुळे. पाइप अडीच मीटरचा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, आणि रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी.

घरघर आली तर आधी लॅपटॉपचा अडॅप्टर काढा. घरघर थांबली तर दोष अडॅप्टरचा आहे, बॅटरीवर रेकॉर्ड करा. गिटार हातात घेऊन जागेवर गोल फिरताना आवाज कमी-जास्त होत असेल तर पिकअप जवळची मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर पकडतो आहे. कूलर, स्टॅबिलायझर आणि फोनचा चार्जर एकेक करून बंद करा. घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प लावला तर करकर येणारच, त्याला इलाज नाही. साइन वेव्हचा असेल तर चालतो.

रब्बीत पंप सुरू झाले की काही गावांत व्होल्टेज १८० पर्यंत बसतं. लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस (गिटार-माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) ते सहन करतात, जुना ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प करत नाही, त्याचा आवाज मऊ पडतो. एक दिवस दर तासाला व्होल्टेज लिहून काढा आणि ज्या दोन-तीन तासांत ते स्थिर राहतं तेव्हाच बसा. उन्हाळ्यात पहाटे पाच ते आठ ही वेळ सगळ्यात बरी, कूलर बंद ठेवता येतो.

खोली

खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. टर्रर्र असा शेपटीचा आवाज आला तर समोरासमोरच्या भिंती आवाज फेकत आहेत. त्यातल्या एका भिंतीवर गाद्या उभ्या करा, छताच्या टिनाखाली जाड गोधड्या ताणून बांधा. खालच्या स्वरांचा घोळ याहून चिवट असतो. दहा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६-५७ हर्ट्झला आवाज घुमतो आणि बासची उघडी ए तार ५५ हर्ट्झची. म्हणून तीच एक तार भोंगाळते आणि बाकीच्या गप्प वाटतात. बास वाजवणाऱ्याचा हात खराब नसतो, खोली तशी असते. सोयाबीनच्या कुटाराची पोती गच्च भरून चारही कोपऱ्यांत टिनापर्यंत रचा. जाडी जितकी जास्त तितका फायदा. गुंजन पूर्ण जात नाही पण कमी होतं. सर्वांत सोपा उपाय म्हणजे बास माइकनं घ्यायचाच नाही, सरळ इंटरफेसमध्ये जोडायचा. भिंतीला सुटा कापूस लावायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते, ती सोडून द्या. ॲम्पच्या एका ठिणगीनं खोली पेटेल. कुटाराची पोतीही बोर्डापासून आणि ॲम्पपासून लांब ठेवा.

रेकॉर्डिंग

दोन इनपुटचा इंटरफेस, एक डायनॅमिक माइक, लॅपटॉप आणि रीपर किंवा ऑडॅसिटीसारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एवढ्यावर काम होतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोरात वाजवून बघा आणि शिखर -१० ते -६ डेसिबलमध्ये राहील अशी पातळी लावा. इनपुटलाच आवाज फाटला तर तो नंतर कशानंही दुरुस्त होत नाही.

ऑक्टापॅडची डावी-उजवी वायर दोन्ही इनपुटना (माइकच्या नाही, लाइन-इनच्या सेटिंगवर) घ्या आणि गिटारवाल्यानं बाजूला हळू वाजवत साथ द्यावी, म्हणजे गाण्याचा जीव राहतो. क्लिक, म्हणजे कानात ठोका मोजणारी टिकटिक, लावायचा की नाही हा वाद आहे. नवीन बँडनं लावावा असं मी म्हणेन, कारण दुसरी गिटार बसवताना तोच हात धरतो. फक्त शेवटच्या कडव्यासाठी क्लिक दोन-तीन ठोक्यांनी वाढवून ठेवा. माणसं जोशात आली की गती चढतेच आणि ती चढलेलीच चांगली वाटते. मग हाय-हॅट आणि क्रॅश माइकनं, त्यानंतर बास.

गिटारचा माइक स्पीकरच्या कापडापासून दोन-तीन बोटं लांब ठेवा, मधल्या टोपीची कड जिथं संपते त्या रेषेवर. अगदी मध्यावर धरला तर आवाज कानाला टोचतो, कडेला नेला तर मंदावतो. ॲम्पचा गेन (आवाज फाटवणारं बटण) तुम्हाला बरा वाटतो त्याच्या निम्म्यावर आणा. ही गोष्ट कोणालाच पटत नाही, पण दोन गिटार एकावर एक आल्या की धार आपोआप वाढते आणि आधीच भरलेला गेन सगळं पिठासारखं करून टाकतो. डावीकडची आणि उजवीकडची गिटार खरोखर दोनदा वाजवा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज रुंद होत नाही, मधोमधच राहतो आणि नुसता मोठा होतो.

गाणाऱ्याच्या पाठीमागे गादी उभी करा. बहुतेक जण ती माइकच्या मागे लावतात. डायनॅमिक माइक समोरून ऐकतो, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतलेला आवाजच त्यात शिरतो. जमावाच्या जबाबासाठी चार-पाच पोट्ट्यांना माइकपासून तीन-चार फुटांवर अर्धगोलात उभं करा, दोन टेक घ्या आणि दुसऱ्या टेकला जागा बदलायला लावा. पाच जणांचे पंचवीस वाटतात. ओरडून गाण्याचं काम सलग दोन तासांच्या वर नेऊ नका. घसा दुखला की त्या दिवशी थांबा.

मिक्स करताना गिटारमधला १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापा, ती जागा बास आणि किकची आहे. फोनच्या स्पीकरला बासचे खालचे स्वर वाजवताच येत नाहीत, म्हणून बासची एक प्रत डिस्टॉर्शनमधून (आवाज फाटवणाऱ्या इफेक्टमधून) काढून हळू मिसळा, म्हणजे फोनवरही बास ऐकू येतो. शेवटचं शिखर -१ डेसिबल ठेवा. आवाज चेपून चेपून मोठा करू नका. स्पॉटिफायवर सगळी गाणी -१४ लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) आसपास आणली जातात, चेपलेलं गाणं तिथं मोठं होत नाही, नुसतं सपाट होतं.

गावातला कार्यक्रम आणि रिलीज

बिछायत केंद्राकडून मिळणारा जुना मिक्सर-ॲम्प्लिफायर आणि भोंगे बोलण्यासाठी बनवलेले असतात. गाणाऱ्याचा आवाज भोंग्यातून सोडा, पंकच्या गाण्याला तो कर्कश पोत शोभतो. बास गिटार आणि किक त्यातून कधीच सोडू नका. भोंग्याचं युनिट खालचे स्वर पेलत नाही, आतला पडदा फाटतो आणि भरपाई तुमच्या माथी येते. बासला वेगळा स्पीकर लावा. माइकची जाळी मुठीत धरून गायचं नाही, शिट्टी तिथूनच सुरू होते. पोलिस ठाण्याची परवानगी आधी घ्या आणि रात्री दहाच्या आत संपवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर चालत नाही.

रिलीजचा दिवस शुक्रवार. १० जुलै २०१५ पासून जगभर तोच दिवस ठरला आहे. डिस्ट्रिब्यूटरकडे (गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर चढवणारी कंपनी) गाणी तीन-चार आठवडे आधी द्या, मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचं, भाषा मराठी अशी नोंदवा. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल तर निदान सात दिवस आधी सुचवावं लागतं. आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख) वहीत लिहून ठेवा, पुढे डिस्ट्रिब्यूटर बदलला तर तोच द्यायचा, नाहीतर आधीचे ऐकण्याचे आकडे तुटतात. पैशाची आशा तिथून ठेवू नका: २०२४ पासून बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला स्पॉटिफाय काहीच देत नाही. पैसे घेऊन आकडे वाढवून देणाऱ्यांच्या नादी लागू नका, खोटे आकडे सापडले की गाणंच काढून टाकलं जातं. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं, शिवाय व्यवहाराचं शुल्क कापलं जातं आणि बाकी तुमचं, पण पैसे पेपॅलवर येतात आणि पेपॅलनं भारतातल्या भारतातले व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले आहेत. म्हणजे बँडकॅम्प बाहेरच्या श्रोत्यांसाठी ठेवा आणि आपल्या लोकांसाठी यूपीआयचा क्यूआर कोड.

गावात खरा प्रसार पेनड्राइव्हनं होतो, आणि ट्रॅक्टरवरचा प्लेअर हे त्याचं मुख्य ठिकाण. मिक्स पक्का करण्याआधी एकदा चालू ट्रॅक्टरवर लावून ऐका. इंजिनाच्या आवाजातही शब्द कळले तर मिक्स झाला समजा. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि गाणी ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये टाका. स्वस्त प्लेअरवर नाव दिसत नाही, नुसता आकडा दिसतो, म्हणून फाइलच्या नावाआधी ०१, ०२, ०३ लावा. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला अर्धा सेकंद मोकळा सोडा, कारण असे प्लेअर फाइल उघडताना पहिला ठोका गिळतात.